बाबा गेल्यानंतरच्या तारखांना त्यांचं डायलिसिस झालंय म्हणे. आता काय करायचं?

करीरोडकरीण

नमस्कार मंडळी. आरोग्य योजनांच्या कागदपत्रांशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्यासाठी प्रश्न आहे. जरा लांबण लागेल, कारण तारखा सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. साखरेनं मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, सोमवार आणि गुरुवार, दुपारची पाळी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, केशरी रेशनकार्डावर. घरातून गेला तो फक्त टॅक्सीचा खर्च. हे आधीच लिहून ठेवते, कारण मला योजनेला नावं ठेवायची नाहीत. ती नसती तर चाळीतली खोली विकायची वेळ आली असती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं वय वंदना कार्डही काढलं, आयुष्मानचं सत्तरीवरच्यांसाठीचं.

गेल्या महिन्यात ५ तारखेला, रविवारी रात्री, बाबांना धाप लागली. पालिकेच्या रुग्णालयात नेलं. सोमवारी पहाटे गेले. दाखल्यावर ६ तारीख आहे. त्याच सकाळी मी डायलिसिस सेंटरला फोन करून सांगितलं की आज दुपारी बाबा येणार नाहीत, आणि का ते. टेक्निशियन मुलगा बाबांना ‘आजोबा’ म्हणायचा, त्याला बोलवेना. म्हणजे सेंटरला माहीत नव्हतं असं नाही.

दिवसकार्य आटोपलं. बाबांचा फोन माझ्याकडेच आहे, नंबर चालू आहे. त्यावर फोन आला, योजनेच्या कॉल सेंटरमधून बोलतेय, उपचारांबद्दल अभिप्राय हवाय, तब्येत कशी आहे आता? मी विचारलं, कुठल्या उपचारांबद्दल? त्या बाईंनी डायलिसिस सांगितलं आणि तारखा वाचल्या. त्यात ९, १३ आणि १६ होत्या. दोन गुरुवार, एक सोमवार. बाबांचे वार बरोबर, फक्त बाबा नव्हते.

मी तसं म्हटल्यावर बाई गप्प झाल्या. मग ‘नोंदवून घेते’ म्हणाल्या.

हा घोटाळा आहे की कारकुनी चूक? कळवायचं कुणाला? आमच्या बाजूनं काय काय बंद करायचं? आणि खरा प्रश्न असा की माणूस गेल्याचं रुग्णालयात लिहितात, स्मशानात लिहितात, वॉर्ड ऑफिसात लिहितात. मग जो पैसे मोजतो त्यालाच कसं कळत नाही?

शिवडी ते शहाड

वाईट वाटलं वाचून. उपाय सोपा आहे. आधार लॉक करा, सिम बंद करा, योजनेचं कार्ड फाडून टाका. कुणी काही करू शकणार नाही मग.

योजनेची खिडकी

करीरोडकरीण ताई, कृपा करून सिम बंद करू नका आणि काहीही फाडू नका. शिवडीकर, राग नसावा, पण तुमच्या तिन्ही उपायांनी हिचा पुरावा जाईल आणि क्लेम, म्हणजे सेंटरनं योजनेकडे केलेली पैशांची मागणी, तसाच राहील.

माझी ओळख एवढीच की ही योजना ‘राजीव गांधी जीवनदायी’ होती तेव्हापासून मी आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या पेशंटना मदत करायला, खिडकीवर बसले. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबई होती. २०१७ मध्ये नाव बदललं, नंतर केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्यात येऊन मिळाली. खिडकी तीच, संगणकाचे पडदे बदलत गेले. आता मी त्या कामात नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

आधी तुमच्या तारखांकडे बघू. अशा प्रकरणात तीन तारखा असतात: उपचार झाला ती, माणूस गेला ती, आणि रुग्णालयाला पैसे मिळाले ती. लोक पहिली आणि तिसरी यांत गल्लत करतात. पेशंट दगावल्यानंतर त्याचे पैसे रुग्णालयाला मिळणं यात काहीही गैर नाही. ऑपरेशन टेबलावर माणूस गेला तरी डॉक्टरांनी काम केलेलं असतं, औषधं लागलेली असतात. क्लेम तपासून पैसे सुटेपर्यंत दिवस जातात. तेव्हा ‘मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे दिले’ असं नुसतं ऐकलं की मी आधी विचारते, उपचाराची तारीख कोणती? ती मृत्यूच्या आधीची असेल तर विषय मिटला. नंतरची असेल तरच बोलायचं.

तुम्हाला फोनवर वाचून दाखवलेल्या ९, १३, १६ या उपचाराच्या तारखा आहेत की संगणकात नोंद चढवल्याच्या, हे आधी पक्कं करा. सेंटरवाले दोन-चार वेळांची नोंद एकदम चढवतात. पण चढवण्याच्या तारखा नेमक्या बाबांच्या वारीच पडाव्यात, हे मला पटत नाही.

पक्कं करायची जागा म्हणजे डायलिसिसचा चार्ट. प्रत्येक वेळचा वेगळा कागद असतो. त्यावर मशीन नंबर, सुरू केल्याची आणि काढल्याची वेळ, मधले बीपी, टेक्निशियनची सही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधीचं आणि नंतरचं वजन. तुम्ही बाबांना नेत होतात म्हणजे माहीत असेल, दोन वेळांच्या मध्ये अंगात पाणी साठतं आणि वजन दोन-अडीच किलोनी वाढतं. कधी लग्नाचं जेवण झालं तर तीन-साडेतीन. खरा चार्ट असा वेडावाकडा असतो. बसल्या जागी लिहिलेला चार्ट मी बघितलाय, त्यात पेशंट दर वेळी बरोबर दोन किलो घेऊन येतो आणि बीपी १३०/८० च्या पलीकडे जात नाही. इतका गुणी पेशंट मी जिवंतपणी कुणी पाहिला नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, पैसे देणाऱ्याला कळत कसं नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर घरच्यांची. बाबा गेले पालिकेच्या रुग्णालयात, डायलिसिस होत होतं दुसरीकडे. पहिल्या ठिकाणी बाबांची नोंद ‘मृत’ अशी झाली, पण तिथे ते योजनेचे पेशंट म्हणून दाखल झाले नसतील, तासाभरात गेले असतील. म्हणजे योजनेच्या संगणकात ती बातमी पोचलीच नाही. ती गेली निबंधकाकडे. तिथून ती आधारवाल्यांकडे जाते, यथावकाश. आणि क्लेम तपासणारा डॉक्टर कागद बघतो, फोटो बघतो, रिपोर्ट बघतो. मृत्यूचं रजिस्टर त्याच्या पडद्यावर नसतं. माणूस गेल्याची बातमी सगळीकडे असते, फक्त ज्याच्या हातात पैशाची किल्ली आहे त्याला ती कुणी आपणहून नेऊन देत नाही.

त्याहून गंमत म्हणजे बातमी योजनेच्याच संगणकात असूनही पैसे गेलेले आहेत. कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, २०२३ चा अहवाल आहे, क्रमांक ११, ऑगस्टमध्ये संसदेत मांडला. आयुष्मान भारतमध्ये उपचार सुरू असताना ८८,७६० रुग्ण दगावल्याची नोंद योजनेच्याच प्रणालीत होती. त्यातल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर ३,९०३ क्लेमचे ६.९७ कोटी रुपये रुग्णालयांना गेले. क्लेममागे साधारण १८ हजार पडतात. मोठ्या ऑपरेशनचे आकडे हे नव्हेत, किरकोळ, डोळ्यावर न येणारे.

सरकारचं उत्तर काय होतं? एप्रिल २०२० मध्येच प्रणालीत अडसर घातलाय, एकदा ‘मृत’ लागलं की ते कार्ड पुढे चालत नाही. मग कॅगनं दाखवलं की तरीही चालतंय. त्यावर सांगितलं गेलं की मागची तारीख टाकून दाखल करायची मुभा आहे, नेटवर्क नसतं, इमर्जन्सी असते, म्हणून. ही मुभा खोटी नाही, मी स्वतः वापरलेली आहे. रात्री दोनला अपघाताचा पेशंट येतो, नातेवाइकाकडे कार्ड नसतं, सर्व्हर झोपलेला असतो. अशा वेळी नोंद दोन दिवसांनी करायची सोय लागतेच. पण त्याच दारातून मेलेला माणूसही आत येतो. दार बंद करून चालणार नाही, तिथे कुणीतरी उभं राहायला हवं.

तुम्ही करायचं ते असं. साध्या कागदावर अर्ज लिहा. बाबांचं नाव, कार्ड क्रमांक, मृत्यूची तारीख, सोबत दाखल्याची प्रत. पुढे एवढंच की ‘या तारखेनंतर उपचार दाखवले असल्यास तपासून कळवावं’. चोर, घोटाळा, दरोडा असले शब्द घालू नका, त्यानं समोरचा वकिलाकडे जातो. एक प्रत सेंटरच्या आरोग्यमित्राला द्या आणि पोच घ्या, शिक्क्यासकट. एक राज्य आरोग्य हमी सोसायटीला, म्हणजे योजना चालवणाऱ्या कार्यालयाला, वरळीला. १५५३८८ किंवा १४५५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून घ्या. तो फोन कोणत्या नंबरवरून, किती वाजता आला, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सिमबद्दल. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, गिरणीत काम केलेल्यांचे तर नाहीच. मग ओटीपीवर भागवतात. ओटीपी म्हणजे फोन हयात असल्याचा पुरावा, माणसाचा नव्हे. बाबांच्या फोनवर ६ तारखेनंतर योजनेचा एखादा ओटीपी आला होता का, ते मेसेजमध्ये बघा. आला नसेल तर तुमच्या बाजूनं तो मोठा मुद्दा आहे, कारण मग ती नोंद ओटीपीशिवाय झाली. नंबर बंद केलात तर निदान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, पण नंतर देतात. सगळं मिटेपर्यंत चालू ठेवा, स्वस्तातला रिचार्ज मारून.

शिवडी ते शहाड

राग कशाला! पण आधारचं काय मग? ते तरी बंद करायला हवं ना?

योजनेची खिडकी

हवं, पण ‘लॉक’ नव्हे. लॉक हे जिवंत माणसानं स्वतःच्या आधाराला लावायचं कुलूप. जून २०२५ पासून माय आधार पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू कळवायची सोय झाली आहे. तुम्ही स्वतःच्या आधारनं आत शिरायचं, त्यांचा आधार क्रमांक आणि दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक भरायचा. ते पडताळून निष्क्रिय करतात. गेलेल्यांचे दोन कोटींहून अधिक आधार निष्क्रिय केल्याचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं होतं. त्याशिवाय शिधावाटप कार्यालयात जाऊन रेशनकार्डावरून नाव कमी करायचं, नमुना ९ चा अर्ज. हे सगळे टाळतात, कारण धान्य कमी होतं. मी कुणाला नैतिकता शिकवत नाही, फक्त सांगते की योजनेत कुटुंब ओळखायला तेच कार्ड धरलेलं आहे.

ऐरोली नाइट शिफ्ट

खिडकीताईंना दंडवत. थोडी वेगळी बाजू टाकतो. मी ऐरोलीत अमेरिकन क्लायंटसाठी हेल्थकेअर डेटाचं काम करतो, रात्री आठ ते पहाटे पाच, तेव्हा हा विषय माझ्या ताटातला आहे.

तिकडे मेडिकेड म्हणून गरिबांची सरकारी योजना आहे. बऱ्याच राज्यांत सरकार थेट रुग्णालयाला बिलागणिक पैसे देत नाही. मध्ये विमा कंपनी असते आणि तिला दर डोई दर महिना ठरलेली रक्कम मिळते, माणूस आजारी पडो न पडो. आता विचार करा. माणूस मेला आणि कुणी कळवलं नाही, तर कंपनीला त्याचे पैसे महिनोन्‌महिने आपोआप येत राहतात. कुणाला खोटा चार्ट लिहावा लागत नाही, खोटी सही नाही, काही नाही. नुसतं गप्प बसायचं. उलट मेलेला मेंबर कंपनीला सगळ्यात परवडतो, खर्च शून्य! त्यांच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी एकामागून एक राज्यं तपासली आणि बहुतेक ठिकाणी हेच सापडलं.

त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटीची मृतांची मोठी यादी आहे, ‘डेथ मास्टर फाइल’. २०२५ च्या कायद्यानं राज्यांना सक्ती केली की यापुढे दर तीन महिन्यांनी तरी मेडिकेडची यादी त्या फाइलशी ताडून बघायची. एवढ्या पुढारलेल्या देशाला हे कायद्यात लिहावं लागलं यावरून काय ते समजा.

माझा प्रश्न खिडकीताईंना: आपल्याकडेही विमा कंपनीला हप्ता जातो ना? मग मेलेल्यांचा हप्ता जात असेल की.

योजनेची खिडकी

चांगला प्रश्न. आपल्याकडे जिथे विमा कंपनी मध्ये असते तिथे हप्ता कुटुंबामागे ठरतो, माणसामागे नाही. पाच जणांच्या घरातला एक गेला तरी हप्ता तोच, आणि पाच लाखांचं संरक्षणही उरलेल्या चौघांना तेवढंच. म्हणून तुमच्याकडचं गप्प बसून मिळणारं उत्पन्न आपल्याकडे तितकंसं नाही. अपवाद एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा, तिथे माणूस गेला की कुटुंबच संपलं आणि यादीतलं घर मात्र तसंच. मुंबईत अशी घरं किती आहेत ते चाळी-चाळींत विचारा.

आपल्याकडची गळती क्लेमच्या बाजूला आहे. म्हणजे कुणाला तरी उठून, खुर्चीत बसून, खोटं लिहावं लागतं. मला यात बरं वाटतं ते एवढंच की लिहिलेलं खोटं सापडतं. गप्प बसलेलं खोटं शोधायला तुमच्यासारखी माणसं रात्रपाळीला लागतात.

मुळाकाठचा

सगळं खरं, पण यादीशी यादी जुळवा म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजू बघावी. माझी आत्या विधवा, सरकारी निराधार योजनेचं मानधन घेणारी. एक वर्ष पैसे बंद झाले. तालुक्याच्या कचेरीत गेलो तर कारकून म्हणाला, त्या मयत आहेत. आत्या शेजारी उभी! गावात त्याच नावाची दुसरी बाई गेली होती, वडिलांचं नाव वेगळं पण नवऱ्याचं तेच. हयातीचा दाखला, तलाठी, पोलीस पाटील, सगळं पुन्हा करून घ्यावं लागलं. ती तरी पेन्शन होती. उद्या डायलिसिसचा पेशंट कुणी संगणकात मारला तर तो पुढच्या पाळीपर्यंत खरंच मरेल. उत्तर प्रदेशात आझमगडचे लाल बिहारी १९९४ पर्यंत सरकारदरबारी मेलेले होते, स्वतःला जिवंत ठरवायला त्यांनी मृतकांचा संघ काढला. हसू येतं, पण त्यांची जमीन गेली होती.

ऐरोली नाइट शिफ्ट

बरोबर आहे काका. त्या अमेरिकन कायद्यात याची तरतूद आहे, चुकून मृत ठरवलेला माणूस जिवंत निघाला तर त्याला लगेच परत घ्यायचं आणि मधल्या काळाचंही संरक्षण द्यायचं. आमच्याकडे नुसत्या नावावर कधीच जुळवत नाहीत. नाव, जन्मतारीख आणि ओळख क्रमांक तिन्ही जुळले तर पुढे, दोनच जुळले तर माणूस फाइल उघडून बघतो. ‘माणूस’ म्हणजे मी.

कुर्ला पश्चिम

तुम्ही सगळे यादी-यादी खेळा. २०२५ मध्ये सरकारनंच संसदेत सांगितलं की आयुष्मानमध्ये गैरप्रकारांसाठी १,११४ रुग्णालयं पॅनेलवरून काढली आणि १,५०४ रुग्णालयांना मिळून १२२ कोटींचा दंड केला. दंड भागिले रुग्णालयं करा, आठ लाख. धंद्याचा खर्च म्हणून लिहून टाकतील. जेलमध्ये कोण गेलं ते सांगा.

योजनेची खिडकी

कुर्लावाले, जेलचं मला माहीत नाही. पॅनेलवरून काढणं ही मात्र लहान शिक्षा नाही, आणि ती पेशंटलाही होते हे विसरू नका. आमच्या भागातलं एक केंद्र बंद झालं तेव्हा डायलिसिसची माणसं पार लांब जायला लागली, लोकलच्या गर्दीत, हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेली शीर. म्हणून मी हाकलून देण्यापेक्षा पैसे कापण्याच्या बाजूची आहे. रुग्णालयाची बिलं दर आठवड्याला येतच असतात. मृत्यूनंतरचा एक क्लेम सापडला की पुढच्या बिलातून तो वजा, वर दंड, आणि त्या केंद्राचे वर्षभराचे सगळे चार्ट तपासणीला.

मुळाकाठच्या काकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मला विचाराल तर यादी जुळवायची ती कार्ड बंद करायला नव्हे, पैसे रोखायला. कार्ड बंद झालं तर खिडकीवर उभा असलेला जिवंत माणूस अडतो. क्लेम रोखला तर रुग्णालयाचे पैसे चार दिवस अडकतात, पेशंटला पत्ताही लागत नाही. दोन्ही चुका होणारच आहेत, तर मग जी चूक सोसण्यासारखी आहे ती पत्करावी. डिस्चार्जची तारीख मृत्यूच्या तारखेच्या पुढची दिसली की तो क्लेम बाजूला, एक फोन घरच्यांना, एक रुग्णालयाला. डायलिसिस, केमो अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या उपचारांना तर हे आधी लावावं, कारण तिथे पेशंट ओळखीचा झालेला असतो, कागद तयार असतात, वार ठरलेले असतात. नव्या माणसाचं खोटं ऑपरेशन दाखवणं कठीण, जुन्या माणसाची एक पाळी वाढवणं सोपं.

आणि पैसे दिल्यावरही दोनेक महिन्यांनी पुन्हा एकदा जुळवायचं. नोंदीलाच २१ दिवस दिलेत कायद्यानं, उशिराची नोंद तर परवानगी काढून वर्षभरापर्यंत होते. क्लेमच्या दिवशी रजिस्टर बघितलं तर ते कोरंच दिसणार.

करीरोडकरीण

सगळ्यांचे आभार. मधल्या दिवसांत जे झालं ते लिहिते.

बाबांच्या फोनवरचे मेसेज बघितले. ६ तारखेनंतर योजनेचा एकही ओटीपी नाही. आधीच्या महिन्यांत अधूनमधून आहेत.

सेंटरला अर्ज घेऊन गेले. इनचार्ज म्हणाले, महिन्याच्या पाळ्या आम्ही आधीच चढवून ठेवतो, पेशंट आला नाही तर नंतर काढतो, तुमच्या वडिलांच्या काढायच्या राहिल्या. मी चार्ट मागितले. २ तारखेपर्यंतचे दाखवले, वजनासकट. ९, १३, १६ चे मागितल्यावर म्हणाले, चार्ट नाहीतच, कारण डायलिसिस झालंच नाही, तेच तर सांगतोय. मी म्हटलं, मग चार्टाशिवाय क्लेम पुढे कसा गेला? त्यावर ‘अर्ज देऊन जा’. आरोग्यमित्र मुलीनं पोच दिली. शिक्का मारताना हळूच म्हणाली, ताई, वरळीलाही द्या.

दिली. तक्रार क्रमांक मिळाला. आधारचं ऑनलाइन भरलं, रेशनकार्डाचा अर्ज या आठवड्यात करीन.

आता शंका अशी की सेंटर म्हणतंय ते खरं असू शकतं का? आणि खरं असेल तर मी तक्रार पुढे न्यावी का? बाबांची चार वर्षं त्या लोकांनी सांभाळली आहेत.

योजनेची खिडकी

खरं असू शकतं. आगाऊ चढवणं मी पाहिलेलं आहे, संगणक ऑपरेटर एकच असतो आणि महिनाअखेरीला मान वर करायला फुरसत नसते. पण चढवणं वेगळं आणि क्लेम पाठवणं वेगळं. पाठवताना कागद जोडावे लागतात. ९, १३, १६ ला काय जोडलं होतं ते सोसायटीच्या पडद्यावर आहे. काहीच जोडलेलं नसेल तर तपासणाऱ्यानं डोळे मिटून पास केलं. जुने चार्ट जोडले असतील तर सेंटरनं केलं. तुमच्या अर्जात एक ओळ वाढवा, ‘या तारखांच्या क्लेमला जोडलेल्या कागदांची प्रत मिळावी’. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात वारस म्हणून मागा.

तक्रार पुढे न्या. तुम्ही त्या टेक्निशियन मुलाविरुद्ध जात नाही आहात. आणि तुमच्याच घरासाठी एक गोष्ट, जी मी आधी सांगायला हवी होती असं कुणी म्हणेल, पण ती आत्ता कामाची आहे. योजनेचे पाच लाख वर्षाला कुटुंबाचे मिळून असतात. सत्तरीवरच्यांचे वेगळे पाच लाख असतात, तेही घरात दोघं सत्तरीवरचे असतील तर दोघांत वाटून. बाबांच्या नावावरच्या त्या तीन पाळ्या कुणाच्या वाट्यातून गेल्या? आईचं वय काय? त्यांना काही उपचार पुढे आहेत का?

करीरोडकरीण

आई ७२. तिची अँजिओग्राफी सांगितली आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

योजनेची खिडकी

मग आधी तेच. आईचं कार्ड घेऊन कुठल्याही योजनेच्या खिडकीवर जा, त्याच सेंटरला जायची गरज नाही. शिल्लक रक्कम विचारा आणि लिहून मागा. नंतर वरळीच्या अर्जात तिसरी मागणी घाला, की ते तीन क्लेम नुसते ‘चूक झाली’ म्हणून सोडू नका, रद्द करा आणि रक्कम शिलकीत परत जमा झाल्याचं लेखी कळवा. रद्द झाल्याशिवाय शिल्लक वाढत नाही.

ऐरोली नाइट शिफ्ट

आणि वरळीला जाताना दाखल्याच्या दोन-तीन झेरॉक्स जास्त ठेवा ताई. एक तिथेच लागते, हमखास.

करीरोडकरीण

ठेवल्या आहेत. सोमवारी सुट्टी टाकली आहे, आधी खिडकी, मग वरळी. उत्तर आलं की इथेच लिहीन.